छायेची वही

रामघाटावर स्नानाला जाणारी आपली मुले क्षिप्रेकाठच्या वेधशाळेतही जातात. पण एका फेरीत त्यांना दगडी भिंतींपलीकडे काय दिसणार? सवाई जयसिंहांच्या या वेधशाळेचा माधवराव शिंद्यांनी १९२३ साली जीर्णोद्धार केला. तिच्याशी वर्षभर मैत्री हवी.

सातवी ते दहावीच्या मुलामुलींनी घाटाच्या सपाट फरशीवर १०० सेंटिमीटरची काठी उभी धरावी. दुपारी साडेबाराच्या सुमारास पडणारी सर्वांत आखूड सावली वहीत टिपावी. २२ डिसेंबरला ती सुमारे १०६ सेंटिमीटर भरते, २१ मार्चला ४३. २१ जूनला जवळजवळ नाहीशीच होते, कारण कर्कवृत्त येथून जवळच आहे. पावसाळ्यातली पाने कोरी राहतील. राहू द्यावीत, अंदाजाने भरू नयेत!

मार्चची काठी व सावली प्रमाणात काढून माथ्याचा कोन मोजला, तर सुमारे २३ अंश येतो. सम्राटयंत्राची भिंतही तितकीच कललेली आहे.