ना नफा, ना तोटा : सर ॲडम बेक यांची वीजयोजना

स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन मोठे कार्य उभारल्याच्या उदाहरणांत कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताची वीजयोजना अभ्यासण्याजोगी आहे. तिचे सूत्रधार सर ॲडम बेक (१८५७-१९२५) हे मूळचे कारखानदार.

बेडन या खेड्यात जन्मलेल्या बेक यांनी सिगारच्या पेट्या तयार करण्याच्या धंद्यात जम बसविला आणि ऑन्टॅरिओतील लंडन या शहरात कारखाना चालविला. १९०२ ते १९०४ या काळात ते तेथील महापौर होते. १९०२ मध्येच ते प्रांतिक विधिमंडळावरही निवडून आले.

त्या काळी प्रांतातील उद्योग अमेरिकेतून येणाऱ्या कोळशावर अवलंबून होते. १९०२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील खाणकामगारांनी संप केला, तेव्हा हे परावलंबन सर्वांना जाणवले. नायगराचा धबधबा जवळच होता. परंतु तेथील वीजनिर्मितीचे हक्क खाजगी कंपन्यांकडे गेले होते. सार्वजनिक वीजपुरवठ्याची मूळ कल्पना वॉटर्लू परगण्यातील उद्योजकांची. १९०३ मध्ये बर्लिन (नंतरचे किचनर) येथे त्यासाठी परिषद भरली. बेक यांनी या कल्पनेला राजकीय बळ दिले. १९०६ मध्ये कायद्याने जलविद्युत आयोग स्थापन झाला व बेक त्याचे अध्यक्ष झाले.

योजनेची रचना सोपी होती. आयोगाने घाऊक वीज घ्यावी, ती वाहिन्यांनी शहरांपर्यंत पोहोचवावी व नगरपालिकांना प्रत्यक्ष खर्चाच्या दरात द्यावी. घरोघरचे वितरण नगरपालिकांनी करावे. मात्र त्यासाठी प्रथम नागरिकांचे मत घेण्यात आले. ऑक्टोबर १९१० मध्ये बर्लिन येथे या विजेचा समारंभपूर्वक प्रारंभ झाला. पुढे बेक यांनी खेडोपाडी यंत्रांची प्रात्यक्षिके नेऊन शेतकऱ्यांना विजेचे उपयोग दाखविले.

या कार्यास दुसरी बाजूही आहे. बेक यांना विरोध सहन होत नसे. १९१७ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या क्वीन्स्टन येथील वीजकेंद्राचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढला आणि आयोगाच्या कारभाराची शासकीय चौकशी झाली. योजना मात्र टिकली. १९५० मध्ये त्या केंद्रास बेक यांचेच नाव देण्यात आले.

एकेकट्या नगरपालिकेला जे साधले नसते, ते अनेकींच्या एकजुटीने साधले. परंतु हेतू लोकहिताचा असला, तरी हिशेबाची शिस्त सैल सोडून चालत नाही. लोकप्रतिनिधी व अधिकारी यांनी या चरित्रातून हे दोन्ही धडे घ्यावयास हवेत.