जुनी मारुती: कार्बोरेटर खोलण्याआधी नळ्या ओळखा

सिग्नलला गाडी थरथरते, आयडलिंग वरखाली होतं, अ‍ॅव्हरेज पडलंय. कार्बोरेटरची मारुती ८०० ही तक्रार घेऊन गॅरेजात गेली की मिस्त्रीचा पहिला हात कार्बोरेटरवर पडतो. किट, सफाई, ट्यूनिंग धरून साधारण दीड-दोन हजार जातात. पुष्कळदा दोष मात्र वीतभर तडकलेल्या रबरी नळीत असतो, आणि ती नळी शंभर रुपयांच्या आसपास मिळते. म्हणून खर्चाला हात घालण्याआधी बॉनेट उघडून नळ्या ओळखायला शिका.

१९८३ साली आलेल्या या गाडीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढे इंजेक्शनवर गेलं. त्याआधीच्या गाड्यांतलं मूळ रबर इतकी वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजून निघालंय.

इंजिन थंड असताना एअर फिल्टरचा डबा काढा. खाली कार्बोरेटर दिसेल, त्याच्याखाली इनटेक मॅनिफोल्ड. पिस्टन हवा ओढतात, थ्रॉटल ती अडवतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते. हीच व्हॅक्यूम. तिथून सगळ्यात जाड, कडक भिंतीची नळी निघते ती ब्रेक बूस्टरकडे जाते (बूस्टर असलेल्या मॉडेलमध्ये). तिच्यात एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, तो उलटा बसवला तर ब्रेक दगडासारखा लागतो. इंजिनाच्या वरच्या झाकणाकडून येणारी नळी तेलाची वाफ परत आत घेते. ती आतून तेलकट असणारच, त्याची काळजी नको.

तिसरी, बारीक नळी सर्वात जास्त फसवते. प्लगच्या तीन जाड वायरी जिथून निघतात तो डिस्ट्रिब्युटर. त्याच्या कुशीला पत्र्याची चपटी डबी असते, तिच्यात ही नळी कार्बोरेटरकडून येते आणि इंजिनावरच्या भारानुसार ठिणगीची वेळ पुढे नेते. कार्बोरेटरकडचं टोक काढा, स्वच्छ पुसा, तोंडाने हवा ओढा आणि जिभेने टोक बंद करा. जीभ चिकटून राहिली तर नळी आणि डबीतला पडदा दोन्ही शाबूत. लगेच सुटली तर नळी बदलून पुन्हा करा. तरीही सुटली तर पडदा फाटलाय, आणि त्याचा खर्च नळीपेक्षा बराच मोठा.

कोणतीही नळी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि दोन्ही टोकांना कागदी टेप लावून एकच आकडा लिहा. बॉनेटच्या आतल्या बाजूला नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असला तर त्याचाही फोटो काढा. गळती शोधायला चालू इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे मारू नका, आग लागते. पंखा-पट्ट्यापासून हात लांब ठेवून एकेक नळी पकडीने हलकी दाबा. जी दाबल्यावर आयडलिंग सुधारतं, गळती तिच्या पलीकडे आहे.

नळी विकत घेताना जुना तुकडा सोबत न्या. आतला व्यास थोडाही सैल चालत नाही. मीटरला साधारण ६० ते १५० रुपये, सिलिकॉनची महाग. पण सिलिकॉनची नळी पेट्रोलच्या जागी कधीही लावू नका, ती पेट्रोल झिरपू देते. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसकडे चौकशी करा. जुने सुटे भाग कुर्ल्यात मिळतात, पण बूस्टर आणि ब्रेकचं काहीही वापरलेलं घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मजुरी गावाप्रमाणे तीनशे ते सहाशे, कबूल करूनच गाडी सोडा.

डिझेलच्या जुन्या सुमो-बोलेरोत हे गणित वेगळं. त्या इंजिनांना पेट्रोलसारखा थ्रॉटल नाही, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढच नसते. ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप असतो, बहुधा अल्टरनेटरच्या पाठीला. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. तसूभरही हललं नाही, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मिस्त्रीला घरी बोलवा.