हा दिवा कोणाचा ?



कांहीं दिवसांपूर्वीं शास्त्राचा तास संपत आला असतां एका मुलीनें आम्हांस एक प्रश्न केला. ज्या चष्म्याच्या कांचेवर अक्षरें व चित्रें उमटतात, अशा नव्या तऱ्हेच्या चष्म्याविषयीं आम्ही बोलत होतों. ती म्हणाली, "सर, हा शोध कोणीं लावला ? परीक्षेंत कोणाचें नांव लिहावें ?" आम्हीं घाईनें एक नांव सांगून वेळ मारून नेली, परंतु तें उत्तर आमचें आम्हांसच पटलें नाहीं. म्हणून त्या प्रश्नाचें खरें उत्तर देण्याचा येथें प्रयत्न करीत आहों.

प्रथम अडचण काय होती तें पाहूं. अशा चष्म्याच्या काडींत नखाएवढा एक पडदा बसविलेला असतो. त्यावरील चित्र कांचेच्या आंतून वळवून डोळ्यापर्यंत आणावें लागतें, आणि ह्या प्रवासांत बहुतेक प्रकाश वाटेंतच नाहींसा होतो. त्यांतून चष्मा घालणारा उन्हांत उभा असेल, तर उरलेल्या प्रकाशास आकाशाच्या उजेडाशीं टक्कर द्यावी लागते. तेव्हां दिवा अतिशय तेजस्वी पाहिजे. परंतु तो तापतां कामा नये, आणि त्याची विद्युद्घटी तर चण्याफुटाण्याएवढी!

पूर्वींच्या पद्धतींत एकच दिवा लावून त्याचा प्रकाश सूक्ष्म आरशांवर किंवा द्रव-स्फटिकांवर टाकीत, व त्यांच्या हालचालीनें चित्र उमटवीत. ही पद्धत अजूनही चालू आहे. पेट्रोमॅक्ससमोर हात धरून भिंतीवर हरिण किंवा ससा दाखविण्यासारखाच हा प्रकार होय. चित्राचा भाग काळा असो वा पांढरा, बत्ती आपली जळतच असते. नवी पद्धत दिवाळींतील पणत्यांसारखी आहे. अंगणांत पणत्यांचीच नक्षी मांडावी, व जेथें उजेड हवा तेथलीच पणती पेटवावी. चित्राचा प्रत्येक ठिपका हाच एक स्वतंत्र दिवा ! ह्या सूक्ष्म दिव्यांस 'मायक्रो-एलईडी' असें म्हणतात.

हे दिवे गॅलियम नायट्राइड नामक स्फटिकाचे करतात. ह्याच पदार्थापासून निळा प्रकाश देणारा दिवा सिद्ध केल्याबद्दल २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघांस मिळून देण्यांत आलें. तीन नांवें एकत्र आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

आतां आपण इंग्लंडच्या नैर्ऋत्येस प्लिमथ येथें जाऊं. तेथें प्लेसी नांवाच्या कंपनीचा कारखाना आहे. गॅलियम नायट्राइडचा थर बहुधा नीलमण्याच्या जातीच्या स्फटिकावर वाढवीत असत. केंब्रिज विद्यापीठांत कॉलिन हंफ्रीज ह्यांच्या मंडळीनें तो सिलिकॉनच्या चकतीवर वाढविण्याची युक्ति काढली, व प्लेसीनें २०१२ सालीं ती विद्या आपल्या कारखान्यांत आणली.

सिलिकॉन स्वस्त खरें, पण मार्ग मोठा अवघड होता. हा थर सुमारें १००० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत वाढतो. नंतर चकती थंड होऊं लागली, म्हणजे गॅलियम नायट्राइड हें सिलिकॉनच्या सुमारें दुप्पट आकसतें. लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव तापवून बसवितो, हें तुमच्यापैकीं कित्येकांच्या वडिलांनीं पाहिलें असेल. धांव निवतांना आंवळते व चाक घट्ट धरते. तेथें जो गुण, तोच येथें दोष ठरतो. खालचें सिलिकॉन तितकें आकसत नाहीं, म्हणून वरचा थर ताणला जाऊन तडकतो व चकती वांकते.

ह्यावर उपाय असा कीं, दोहोंच्या मध्यें अॅल्युमिनियम मिसळलेले कांहीं थर अगोदर द्यावयाचे. त्यांच्या योगानें वरचा थर तापलेला असतांनाच किंचित् दाबलेल्या स्थितींत राहतो. पुढें निवतांना जो ताण येतो, तो ह्या दाबानें भरून निघतो व चकती सपाट राहते. निवतांना येणाऱ्या संकटाची तजवीज चकती तापलेली असतांनाच करून ठेवावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठीं ? नुसते दिवे घेऊन चित्र होत नाहीं. कोणता दिवा केव्हां व किती पेटावा हें सांगणारीं विद्युन्मंडलें पाहिजेत, आणि तीं सिलिकॉनच्याच चकतीवर बनतात. ती विद्या तैवानांतील जास्पर डिस्प्ले ह्या कंपनीपाशीं होती. एकीजवळ प्रकाश, तर दुसरीजवळ त्यास आज्ञा देणारी बुद्धि. दोन्हीं चकत्या एकाच जातीच्या असल्यामुळें त्या समोरासमोर ठेवून सबंधच्या सबंध सांधतां येणें शक्य झालें. प्लेसीनें आपला पाया बदलण्याचे कष्ट सोसले, त्याचें फळ ह्या जोडणींत मिळालें.

२०१९ सालीं ह्या दोन कंपन्यांनीं मिळून केलेला पडदा जाहीर झाला. त्यांत आडव्या ओळींत १९२० व उभ्या ओळींत १०८० ठिपके होते; म्हणजे एकंदर २० लक्ष ७३ हजार ६०० दिवे. एका दिव्यापासून शेजारच्या दिव्याचें अंतर ८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ८ हजारांश. मुलांनो, गुणाकार करून पाहा : पडद्याची लांबी सुमारें १५ मिलिमीटर व रुंदी ९ मिलिमीटरांहूनही कमी भरते. डोक्याच्या एका केसाच्या जाडींत असे सात-आठ दिवे मावतील. प्रत्येक दिव्याचें तेज १०२४ पायऱ्यांनीं कमीअधिक करतां येत होतें. प्रत्येकाचा सांधा खालच्या मंडलाशीं बिनचूक जुळावा लागतो. सबंध चकतीचा हिशेब केला, तर असे सांधे १० कोटींहून अधिक होतात, आणि ते सारे एकाच वेळीं जुळवावयाचे !

मात्र हा पडदा एकरंगी होता. सर्व रंग मिळविण्यास तांबडा दिवाही पाहिजे, आणि तांबडा दिवा फार लहान केला कीं त्याचें तेज झपाट्यानें घटतें. २०२० च्या मार्च महिन्यांत प्लेसीनें अमेरिकेंतील फेसबुक कंपनीशीं करार केला व आपला दिव्यांचा कारखाना तिच्याच कामास वाहिला. ह्या कंपनीनें २०२१ सालीं मेटा असें नांव घेतलें, व २०२५ च्या जानेवारींत तिनें व प्लेसीनें मिळून अतिशय तेजस्वी असा तांबडा सूक्ष्म पडदा जाहीर केला. भागीदारी बदलते, भागीदारांचीं नांवेंही बदलतात. परंतु आधींच्या मंडळीनें घातलेला पाया पुढच्यांच्या उपयोगीं पडतो.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळूं. हा दिवा कोणाचा ? स्फटिक वाढविणाऱ्याचा, मंडल आंखणाऱ्याचा, कीं सांधा जुळविणाऱ्याचा ? ह्यांपैकीं एकालाही वगळलें तरी पडदा काळाच राहील. "अमुक शोध कोणीं लावला" असें एका ओळीचें उत्तर मागण्याची आम्हां शिक्षकांस संवय झाली आहे. त्या संवयीचा परिणाम काय होतो, हें आम्हीं आपल्याच हातून पाहिलें आहे.

एका वर्षीं शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत दोन मुलांनीं विजेची घंटा केली. एकानें तांब्याच्या तारेचें वेटोळें गुंडाळलें. तें तीनदां बिघडलें व तीनदां त्यानें तें उलगडून पुन्हां गुंडाळलें. दुसऱ्यानें पाहुण्यांपुढें माहिती सांगितली. घंटेपुढील चिठ्ठीवर आम्हीं सांगणाऱ्याचेंच नांव लिहिलें. तार गुंडाळणाऱ्याचे वडील प्रदर्शन पाहण्यास आले. त्यांनीं चिठ्ठी दोन वेळां वाचली, मुलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि कांहीं न बोलतां ते निघून गेले. ती चूक सर्वस्वीं आमची होती.

तेव्हांपासून आम्हीं एक नियम केला आहे. प्रदर्शनांतील प्रत्येक वस्तूपुढें तिला हात लावणाऱ्या प्रत्येकाचें नांव व त्यानें केलेलें काम लिहावयाचें. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलगा बक्षीस घेऊन घरीं आला, तर "तुझ्याबरोबर आणखी कोण होतें ?" असें त्यास अवश्य विचारावें.

आणि ज्या मुलीनें प्रश्न विचारला तिला आमचें उत्तर असें : परीक्षेंत ह्या दिव्यासाठीं एकच नांव लिहूं नकोस. कोणीं काय केलें तें क्रमानें लिही. त्यास एका ओळीऐवजीं चार ओळी लागतील. पण गुण आम्ही त्या चार ओळींनाच देऊं.