घात सहाव्या खेळीचा

जिल्हा स्पर्धेतला माझ्या एका विद्यार्थ्याचा डाव बघता बघता आटोपला. मी नोटेशन शीट मागून घेतली. पांढरी मोहरी, इटालियन सुरुवात. काळ्याचा दुसरा घोडा बाहेर येताच याचा घोडा जी५ वर, नेम एफ७ च्या प्याद्यावर. काळ्याने डी५ करून उंटाची वाट अडवली, याने ते प्यादं मारलं. इथवर सगळं याने एका व्हिडिओत पाहिल्याबरहुकूम. व्हिडिओत काळा घोड्याने उलट मारतो. मग पांढरा एफ७ वर घोड्याचा बळी देऊन राजाला पटाच्या मध्यावर खेचतो. ‘फ्राइड लिव्हर’ हल्ला तो हाच.

पण समोरच्या मुलीने मारलंच नाही. तिने घोडा ए५ वर नेला, थेट उंटाच्या अंगावर. याने तरीही एफ७ वर घोडा दिला! राजाने तो खाल्ला. याने प्यादं पुढे सरकवून उंटाचा शह काढला, तर ए५ च्या घोड्याने उंटच मारला. दोन मोहरी गेली, बदल्यात दोन प्यादी. सहाव्या खेळीला उंटाने बी५ वरून शह दिला असता, तर एक प्यादं जास्त ठेवून डाव रंगला असता.

मी त्याला रागावलो नाही. पाहिलेली खेळी तशीच खेळून मोठे खेळाडूही फसतात. १९८८ मध्ये बील इथे अलोन्सो झपाटाविरुद्ध पेट्रॉफ बचाव खेळताना विश्वनाथन आनंदने पाचव्या खेळीला उंट एफ५ वर आणला. ही खेळी त्याने एका बरोबरीत सुटलेल्या डावात पाहिली होती. झपाटाने वजीर ई२ वर ठेवला आणि ई४ वरचा घोडा राजापुढे जखडला गेला. तो वाचत नाही हे दिसताच आनंदने डाव सोडला. आदल्याच वर्षी तो ज्युनियर विश्वविजेता झाला होता.

म्हणून पाठ असलेल्या खेळीतही, हात उचलण्याआधी, ‘समोरच्याने हे का केलं?’ असं मनात विचारा. नोटेशन शीटवर खेळीशेजारी घड्याळातली वेळ लिहा. नियमांची त्याला आडकाठी नाही. कुठे न थांबता खेळलात, हे नंतर त्या आकड्यांवरूनच कळतं. ओपनिंग शिकताना मुख्य मार्गाइतकाच वेळ समोरच्याच्या वेगळ्या उत्तरांना द्या. माझ्या मते तर जास्तच द्यावा, कारण स्थानिक स्पर्धांत पुस्तकातली खेळी समोरून क्वचितच येते.

आणि पालकांनो, स्पर्धा तोंडावर आली असताना मुलांना नवी ओपनिंग शिकवा, असा आग्रह कृपा करून धरू नका.