उटकटारा कसा ओळखावा

पडेगांवाहून मिटमिट्याकडे व पुढें दौलताबादेकडे जातांना रस्त्याच्या कडेस जेथें मुरमाड, पडीक जमीन अजून उरली आहे, तेथें पावसाळा सरल्यावर एक कांटेरी झाड फुलूं लागतें. त्याच्या फांद्यांच्या शेंड्यांस चेंडूसारखीं वाटोळीं, निळसर पांढरीं डोकीं येतात. हाच उटकटारा. उंट त्यास कांट्यांसकट खातो म्हणून कोणी उंटकटारा म्हणतात, कोणी कांटेचुंबक म्हणतात. तो या देशांतला मूळचाच रहिवासी आहे.

हा विषय आम्ही केवळ फुलांच्या हौसेनें हातीं घेतलेला नाहीं. उटकटाऱ्याची मुळी गांवठी औषधांत चालते. खोकल्यावर देतात, आणि कोठें कोठें अडलेल्या बाळंतिणीसही देतात. आतां अडचण अशी कीं, औषध सांगणारा नांव सांगतो व आणणारा कांटे पाहून झाड उपटतो. त्यांत ‘ब्रह्मदंडी’ या एकाच नांवानें कोठें उटकटारा, कोठें दुसरेंच एक जांभळ्या फुलांचें झाड, आणि तेलुगू व तमिळ मुलखांत तर पिवळा धोत्रा ओळखला जातो. यांपैकीं पिवळा धोत्रा विषारी आहे. तेव्हां नांवावर विसंबूं नये, झाड पाहावें.

उटकटारा गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढतो. बुडापासूनच त्याच्या फांद्या पसरतात व त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी लव असते. पान खोल कातरलेलें, प्रत्येक टोंकास कांटा. तें उलटून पाहावें: खालची बाजू कापूस लावल्यासारखी पांढरी दिसते. परंतु खरी खूण डोक्यांत आहे. तो चेंडू म्हणजे एक फूल नव्हे. पुष्कळ बारीक फुलें एका गोळ्यावर दाटीनें बसलेलीं असतात व प्रत्येकास स्वतःचें निराळें कांटेरी कवच असतें. जाड फडक्यानें धरून चेंडू मोडला म्हणजे हें स्पष्ट दिसतें. कांहीं लांब कांटे फुलांच्याही बाहेर डोकावतात. फुलें उमलतात तीं वरून खालीं, म्हणून अर्धा चेंडू फुललेला व खालचा अर्धा मिटलेला असा पुष्कळदां आढळतो. रॉक्सबर्ग साहेबांनीं यास ‘एकायनॉप्स एकिनेटस’ असें शास्त्रीय नांव दिलें. त्यांतील पहिला शब्द ग्रीक असून कांटेरी अंगाच्या एका लहान प्राण्यावरून आलेला आहे. चेंडू हातांत घेतल्यावर नांव ठेवणाऱ्याचें कौतुक वाटतें.

आतां पिवळा धोत्रा. यास बिलायत किंवा फिरंगी धोत्राही म्हणतात व तें योग्यच आहे, कारण हें झाड मेक्सिकोकडून आलेलें आहे. याचींही पानें कातरलेलीं व कांटेरी. त्यामुळें फूल नसतां नवखा माणूस सहज फसतो. दोन खुणा पाहाव्या. पानाच्या शिरांवर पांढरे पट्टे असतात, पण खालीं कापसासारखी लव नसते. आणि देंठ मोडतांच हळदीसारखा पिवळा चीक येतो. उटकटाऱ्यास असा चीक नाहीं. फूल तर अगदींच वेगळें, पातळ पिवळ्या पाकळ्यांचें, पेल्यासारखें उघडें. याचें बीं काळसर व मोहरीएवढें असतें आणि येथेंच मोठा धोका आहे. मोहरींत तें मिसळून तेल काढलें गेलें तर खाणाऱ्याचे पाय सुजतात, दम लागतो, हृदय दुबळें होतें. 1998 सालीं दिल्लींत अशा भेसळीच्या तेलानें साठांहून अधिक माणसें दगावलीं. मोहरी गुळगुळीत असते. धोत्र्याचें बीं भिंगाखालीं जाळीदार, खडबडीत दिसतें. घरची मोहरी घाण्यावर नेण्यापूर्वीं सुपांत पसरून एकदां निरखावी.

करडई ओळखण्यास शेतकऱ्यास आमची गरज नाहीं. गुरें आंत शिरूं नयेत म्हणून ज्वारीच्या कडेनें तीच तर पेरतात. तिचें फूल पिवळें, पुढें केशरी होणारें, आणि पान खालून हिरवेंच. तालीमखाना ओलीच्या जागीं, तळ्याच्या कांठीं होतो. त्याचे सरळ लांब कांटे पेरांपेरांशीं असतात व फुलें जांभळीं असतात. ज्यास आपल्याकडील वैद्य ब्रह्मदंडी म्हणतात, त्याचीं पानें अरुंद व जवळजवळ बिनकांट्याचीं, फुलें गुलाबी जांभळीं, आणि डोकें चेंडूसारखें मुळींच नसतें.

शिक्षकबंधूंसाठीं एक गोष्ट येथेंच नमूद करतों. मत्तयाच्या 7 व्या अध्यायांत अंजिरांबरोबर ज्या कांटेरी झाडाचा उल्लेख आहे, त्यास मूळ ग्रीक शब्द ‘त्रिबोलोस’ असा आहे. आपल्या सराट्याचें, म्हणजे गोखरूचें, शास्त्रीय नांव ‘ट्रिब्युलस’ त्याच शब्दावरून आलें. म्हणून मुलांस उटकटारा दाखवून ‘हेंच तें झाड’ असें सांगूं नये.

मुळीविषयीं आमचें मत विचाराल तर, झाड खरें उटकटाऱ्याचें असलें तरी अडलेल्या बाईस ती देऊं नये. पडेगांवाहून घाटीचें सरकारी रुग्णालय दूर नाहीं. तिकडे गाडी जुंपावी किंवा रिक्षा करावी, पण मुळी उगाळीत वेळ दवडूं नये.

उन्हाळ्यांत दोन्ही झाडें वाळतात व चीक पाहण्याची सोय राहत नाहीं. तेव्हां शेंडा पाहावा. उटकटाऱ्याचा वाळका चेंडू हात लावतांच सुटतो व एकेक कांटेरी तुकडा वेगळा गळून पडतो. पिवळ्या धोत्र्याचें बोंड मात्र कांडीवर उभेंच राहतें, वरच्या टोंकाशीं तडकतें, आणि फांदी हालवली कीं काळें बीं खालीं सांडतें.