परदेशातील संख्यात्मक अर्थशास्त्र : प्रवेशाची पूर्वतयारी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी चिटणीससाहेबांची आज्ञा झाली. शिक्षकाच्या झोळीत धड्यावाचून दुसरे काय असणार? म्हणून हा धडाच सादर करीत आहे. मात्र तो मुलांपेक्षा पालकांसाठी अधिक आहे, आणि त्यात एक चूक माझी स्वतःची आहे. तीच आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी एका संध्याकाळी घरी आली. अर्थशास्त्र घेऊन ती बी. ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती. जर्मनीतील एका विद्यापीठात संख्यात्मक अर्थशास्त्राच्या एम. एस्सी.साठी तिने अर्ज केला होता, आणि तो नामंजूर झाला होता. “सर, इंग्रजीच्या परीक्षेत गुण चांगले आहेत, पदवीला पहिला वर्ग आहे. मग चुकले कुठे?” असे म्हणून तिने पत्र पुढे केले. पत्रात कारण थोडक्यात दिले होते : गणित व संख्याशास्त्र यांचे आवश्यक तेवढे शिक्षण झाल्याचे कागदपत्रांवरून दिसत नाही.

ते वाचून मी काही वेळ गप्प बसलो. दहावीनंतर पी. यू. सी.ला कोणते विषय घ्यावेत, हे विचारायला ही मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडेच आली होती. “अर्थशास्त्र शिकायचे ना बेटी? मग गणित कशाला? कला शाखा घे,” असे मीच सांगितले होते. तिने माझे ऐकले. तो सल्ला इतर कोणा मुलामुलीला मिळू नये, हा या लेखाचा हेतू आहे.

गणित कशासाठी?

आपल्या बेळगावच्या बाजारात गुळाची आवक वाढली की भाव उतरतो, हे कोणीही सांगेल. पण किती आवक वाढली असता किती भाव उतरतो? शिवाय सणाच्या दिवसांत आवकही वाढते आणि मागणीही वाढते. मग भावातील फरकापैकी आवकेचा वाटा किती आणि सणाचा किती? हे वाटे वेगळे करून मोजण्याचे शास्त्र म्हणजे अर्थमिती. अर्थशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९६९ साली नॉर्वेचे राग्नार फ्रिश आणि हॉलंडचे यान टिनबर्जन यांना मिळाले, ते याच प्रकारच्या कार्याबद्दल.

संख्यात्मक अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्या दिवसापासून हीच भाषा चालते. तिची अक्षरओळख म्हणजे अनेक चलांचे कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि संख्याशास्त्र. ही ओळख असलेल्यासच वर्गात घ्यावे, असे विद्यापीठ म्हणते. यात परदेशी विद्यार्थ्याविषयी दुजाभाव नाही. तेथील मुलालाही हीच अट असते.

अर्जात काय काय पाहतात?

उदाहरणासाठी जर्मनीच घेऊ. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण-शुल्क नाही, म्हणून आपल्याकडच्या मुलांचा ओढा तिकडे वाढला आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र २०१७ सालापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीस १,५०० युरो द्यावे लागतात. विद्यापीठागणिक नियम बदलतात, यास्तव त्या त्या विद्यापीठाचे चालू वर्षाचे नियम वाचणे हे पहिले काम होय. तरीही पुढील गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्या आहेत.

पहिली, पदवी आणि तिचे श्रेयांक. युरोपात अभ्यास श्रेयांकांत मोजतात. एका वर्षाच्या पूर्ण अभ्यासास ६० श्रेयांक, म्हणून तीन वर्षांच्या पदवीस १८०. जर्मनीत एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचे काम, आणि त्यात तासिका, घरचा अभ्यास व परीक्षा सर्व आले. मान्यताप्राप्त विद्यापीठाची आपली तीन वर्षांची पदवी तेथे सर्वसाधारणपणे चालते. अमेरिकेत मात्र पुष्कळ विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात. कर्नाटकात २०२१ साली चार वर्षांच्या पदवीची योजना आली आणि २०२४ साली ती मागे घेऊन तीन वर्षांची पदवी पुन्हा चालू झाली, हे आपल्या भागातील पालकांनी ध्यानात ठेवावे.

एकूण श्रेयांक पुरे असून भागत नाही. त्यांपैकी इतके अर्थशास्त्राचे आणि इतके गणित-संख्याशास्त्राचे असले पाहिजेत, अशी अट असते. माझी विद्यार्थिनी अडली ती येथे.

दुसरी, गुणांचे रूपांतर. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ४ हा केवळ उत्तीर्ण. आपले गुण त्या मापात बसविण्याची रीत शाळकरी मुलालाही जमेल. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा. बाकीस ३ ने गुणा. कमाल गुण व उत्तीर्ण होण्याचे किमान गुण यांच्या फरकाने भागा. उत्तरात १ मिळवा. समजा, दहापैकी ७ गुण मिळाले आणि उत्तीर्ण होण्यास ४ लागतात. १० वजा ७ म्हणजे ३. तीन त्रिक ९. भागिले ६ म्हणजे दीड. अधिक १ म्हणजे २.५. पुष्कळ ठिकाणी २.५ हीच मर्यादा असते. आता उत्तीर्ण होण्याचे गुण ४ ऐवजी ५ असतील, तर तेच ७ गुण २.८ होतात आणि विद्यार्थी मर्यादेबाहेर जातो. म्हणून उत्तीर्णतेचा किमान गुण कोणता, हे दाखविणारा विद्यापीठाचा अधिकृत कागद जोडलेला बरा.

तिसरी, अभ्यासक्रमाचा तपशील. आपल्या गुणपत्रिकेवर कित्येकदा “ऐच्छिक विषय, पेपर तिसरा” एवढेच छापलेले असते. त्यात काय शिकविले, हे हजारो मैलांवरच्या प्रवेश-समितीने कसे ओळखावे? माझ्या विद्यार्थिनीने संख्याशास्त्राचा एक पेपर खरोखर दिला होता, पण अर्जावरून तो दिसलाच नाही. प्रत्येक पेपरातील प्रकरणे, तासिका व पाठ्यपुस्तके सांगणारा छापील अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या सहीशिक्क्यासह घेऊन ठेवावा. शिकत असतानाच घ्यावा. नंतर अभ्यासक्रम बदलतो आणि जुनी प्रत शोधताना नाकी नऊ येतात.

चौथी, परीक्षा. इंग्रजीसाठी आय. ई. एल. टी. एस. किंवा तत्सम परीक्षेचा दाखला लागतो. तो दोन वर्षेच ग्राह्य धरतात. काही विद्यापीठे जी. आर. ई.ही मागतात आणि तिच्या गणित-विभागाकडे विशेष पाहतात. त्या विभागाचे गुण १३० ते १७० या मापात असतात, आणि दाखला पाच वर्षे चालतो. मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. जी. आर. ई.च्या या विभागात कलन नसते. ते गणित शाळेच्या पातळीचे असते. त्यात उत्तम गुण मिळाले म्हणून पदवीच्या गणिताची उणीव भरून निघत नाही.

पाचवी, ए. पी. एस. प्रमाणपत्र. भारतीय पदव्यांच्या कागदपत्रांची छाननी करून दिल्लीतील एक जर्मन कचेरी हे प्रमाणपत्र देते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते आवश्यक झाले, आणि अनेक विद्यापीठे ते अर्जासोबतच मागतात. ते हाती यायला वेळ लागतो. अर्जाची मुदत संपत आली असता धावाधाव करून उपयोग होत नाही.

याशिवाय प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र असतेच. उद्देशपत्रात घराण्याची थोरवी नको. काय शिकलो, कोणता प्रश्न मनात आहे, आणि तो याच अभ्यासक्रमात का सुटेल, एवढे एका पानात सरळ लिहावे.

ज्याचे गणित सुटले, त्याने काय करावे?

वाट बंद नाही, पण लांबची आहे. पदवी चालू असेल तर गणित वा संख्याशास्त्र ऐच्छिक विषय म्हणून घ्यावे. पदवी झाली असेल तर येथेच गणिताचे पेपर असलेली एम. ए. किंवा एम. एस्सी. करावी, आणि त्या गुणांसह अर्ज करावा. सरकारच्या ‘स्वयम्’ योजनेत घरबसल्या शिकून केंद्रावर परीक्षा देता येते. मात्र ते श्रेयांक आपण निवडलेले विद्यापीठ मोजते की नाही, हे पत्र लिहून आधी विचारावे. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्येही संख्यात्मक अर्थशास्त्राची एम. एस. पदवी आहे. तिच्या प्रवेशपरीक्षेतही गणिताचाच कस लागतो. म्हणजे देशात राहा की परदेशी जा, दाराशी रखवालदार तोच.

पैशाची वेळ

शेवटी ट्रस्टच्या मंडळींस एक विनंती. जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावे एका वर्षाचा निर्वाहखर्च बंद खात्यात आधी ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो ठरली, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक. तेथे गेल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो विद्यार्थ्यालाच मिळतात. तेव्हा हा पैसा कोणाची फी नव्हे. तो मुलाच्या भाकरीचा आहे. पण तो जाण्यापूर्वी दाखवावा लागतो. आपली शिष्यवृत्ती फीची पावती पाहून मिळते. जेथे फीच नाही तेथे पावती कोठून आणावी?

मदत योग्य वेळी मिळणे किती मोलाचे असते, याचा दाखला आपल्या जवळचाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अर्थशास्त्र शिकण्यास कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनचा अभ्यास चालू असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर. १९२१ साली त्यांनी एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळविली. एवढ्या बुद्धीच्या माणसाचीही तीन वर्षे पैशापायी खोळंबली.

म्हणून माझी सूचना अशी की, ट्रस्टने अशा विद्यार्थ्यांसाठी बिनव्याजी कर्जाचा, आमच्याकडे ज्याला कर्ज-ए-हसना म्हणतात तसा, एक छोटा निधी वेगळा काढावा. प्रवेशपत्र येताच त्यातून बंद खात्याच्या रकमेचा काही भाग मिळावा, आणि नोकरी लागल्यावर मुलाने तो फेडून पुढच्यासाठी मोकळा करावा. परीक्षा व प्रमाणपत्रे यांचा खर्चही त्यातून भागेल.

माझी ती विद्यार्थिनी सध्या पुण्यात एम. ए. करीत आहे. तिने गणिती अर्थशास्त्र आणि अर्थमिती हे पेपर मुद्दाम घेतले आहेत, आणि यंदा ती पुन्हा अर्ज करणार आहे. गेल्या सुटीत ती भेटायला आली तेव्हा कलनाचे उदाहरण अडले म्हणून वही घेऊन आली होती. आम्ही दोघे रात्री दहापर्यंत ते सोडवीत बसलो. पालकांनो, आपले मूल दहावीत असेल आणि त्याला अर्थशास्त्राची आवड असेल, तर गणित सोडू देऊ नका. परदेशी प्रवेशाचा अर्ज पदवीनंतर भरतात, पण त्याचे पहिले पान पी. यू. सी.च्या विषयनिवडीत लिहिले जाते.