नानांकडे हिशेब मागताना

ज्याचे आईवडील लहानपणीच गेले आणि ज्याच्या नावचा पैसा घरातल्या कुणी सांभाळला, त्यानं अठरा पूर्ण झाल्याबरोबर हिशेब मागावा. लग्न ठरल्यावर, घर बांधायला काढल्यावर किंवा भांडण पेटल्यावर नाही. हे मी अनुभवानं सांगते आहे, आणि ज्यांच्याकडे हिशेब मागितला त्या नानांबद्दलचा राग मनात ठेवून सांगत नाही.

माझे वडील, दादा, एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा हाताळणी विभागात होते. आई मी बालवाडीत असतानाच गेली. १९९६ साली सिन्नर फाट्यावर ट्रकनं वडिलांची मोटारसायकल उडवली, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं आणि मी थोरल्या चुलत्यांकडे, म्हणजे नानांकडे, गावातल्या घरी आले. माझ्यामागोमाग माझ्या नावचं बरंच काही त्या घरात आलं: वडिलांचा फंड आणि ग्रॅच्युइटी, विम्याचे पैसे, अपघाताच्या दाव्याची भरपाई, सामनगाव रस्त्याला वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला प्लॉट आणि आजोबांच्या शेतातला त्यांचा हिस्सा. विमा आणि फंडाच्या कामासाठी पालकत्वाचा दाखला लागला, म्हणून नानांनी जिल्हा न्यायालयात अर्ज केला आणि न्यायालयानं त्यांना माझे पालक नेमलं.

एकलहऱ्यात वीज केंद्राचे पहिले दोन संच १९७०-७१ साली सुरू झाले, २१० मेगावॉटचे पुढचे तीन १९७९ ते १९८१ या काळात. म्हणजे आमच्याकडच्या शेतकरी घरांत पगार, फंड, पॉलिसी हे शब्द आले ते माझ्या वडिलांच्या पिढीत. बांध कुठला, विहिरीची पाळी कुणाची, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. पण पोरीच्या नावची ठेव म्हणजे घरातली ठेव नव्हे, ही समजूत अजून रुजायची होती. नानांचं वागणं समजून घ्यायचं तर हे ध्यानात ठेवावं लागतं. त्यांच्या लेखी घर एक होतं, चूल एक होती आणि पैसाही एकच होता.

२००३ साली मी अठरा पूर्ण केली आणि एका रात्री जेवणं झाल्यावर विचारलं, "नाना, दादांच्या मागं माझ्या नावावर काय काय आहे, ते मला एकदा बघायचंय."

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. नाना म्हणाले, "का गं पोरी, तुझ्या ताटात काही कमी पडलं का?" मग जरा वेळानं, "एकवीस होऊ दे. कोर्टानं पालक नेमलाय, कोर्टाचा नियमच आहे तो. एकविसाव्या वर्षी सगळं तुझ्या हातात देतो."

यात लबाडी काही नव्हती, आणि खरा धोका तिथेच होता. १८७५ च्या सज्ञानता कायद्यात पूर्वी तसंच होतं: न्यायालयानं पालक नेमलेलं मूल अठराव्या नव्हे, एकविसाव्या वर्षी सज्ञान व्हायचं. नानांची नेमणूक झाली तेव्हा त्यांना वकिलांनी तसंच सांगितलं होतं. पण डिसेंबर १९९९ मध्ये ती तरतूद गेली आणि सर्वांना अठरा हेच वय लागू झालं. हे नानांना कुणी कळवलं नाही. मला कळलं ते नाशिकरोडच्या एका वकीलबाईंकडून. त्यांच्याकडे मी कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर सहज गेले होते. त्यांनी माझी जन्मतारीख विचारली, कागदावर आकडा मांडला आणि म्हणाल्या, "एकविसाव्या वाढदिवसापर्यंत थांबलीस, तर त्या दिवशी दारच बंद होईल."

कारण असं. न्यायालयानं नेमलेल्या पालकाला अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात तसं स्पष्ट आहे. आईवडिलांनाही मुलाच्या स्वतंत्र मिळकतीबाबत तशीच परवानगी लागते. ते १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. परवानगीशिवाय विकली, तर तो व्यवहार आपोआप रद्द होत नाही. मुलानं सज्ञान झाल्यावर तो रद्द करून मागावा लागतो, आणि त्यासाठी मुदत कायद्यात सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं आहेत. अठरा अधिक तीन, एकवीस. नाना ज्या दिवशी सगळं हातात देणार होते, त्याच दिवशी माझा मागण्याचा हक्क संपणार होता. आमच्या कॉलनीतल्या एका मुलानं घरच्यांचा मान राखून लग्नापर्यंत वाट पाहिली. त्याच्या वडिलांनी घेतलेली जागा मामांनी विकलेली निघाली. तो चोवीस वर्षांचा होता. वकिलांनी कागद वाचून परत दिले.

मी पहिल्यांदा भांडले नाही, नक्कल काढली. न्यायालयातल्या पालकत्वाच्या प्रकरणाची प्रमाणित नक्कल मागितली आणि त्यात नानांनी स्वतःच्या सहीनं दिलेली यादी मिळाली. असा पालक नेमला की न्यायालय त्याला सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या मिळकतीची यादी द्यायला लावू शकतं. नानांना तसा आदेश होता. प्लॉटचा गट नंबर, विम्याची रक्कम, फंडाची रक्कम, आईचे दागिने तोळ्यांसकट. घरात कुणी कितीही आवाज चढवला तरी त्या यादीवर वाद होऊ शकत नव्हता. ज्यांच्या बाबतीत न्यायालयातून पालक नेमला गेला असेल, त्यांनी आधी तिथेच जावं. प्लॉटसाठी मी दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोनचा शोध घेतला. २००१ साली, मी सोळा वर्षांची असताना, प्लॉट विकला गेला होता. न्यायालयाची परवानगी कुठेही नव्हती.

त्यानंतर मी नानांना पत्र दिलं. एकाच घरात राहून पत्र देणं विचित्र वाटतं, पण तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि चार दिवसांनी दोन्ही हवेत जातात. पत्रात आरोप एकही नव्हता. "मला अठरा पूर्ण झाली आहेत. यादीत लिहिलेल्या प्रत्येक बाबीचं आज काय आहे, काय खर्चलं, कशासाठी, हे मला पाहायचं आहे. पावत्या, पासबुकं आणि आपली वही घेऊन आपण रविवारी बसू. आत्यांनाही बोलावते." खाली तारीख, आणि प्रतीवर नानांची सही. ती त्यांनी रागानं का होईना, केली. कुणाला पत्र लिहायचं असेल तर त्यानं 'खाल्लं', 'लुबाडलं', 'हडपलं' हे शब्द त्यात येऊ देऊ नयेत. आणि हिशेब हातात येण्याआधी पोलिसांकडे तर जाऊच नये. विश्वासघाताचा गुन्हा नोंदवता येतो, पण नोंदवल्यावर वही कुणी दाखवत नाही.

आत्यांनी मला बाजूला घेतलं. "वाढवलेल्या माणसाला हिशेब विचारतात का गं?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. मी आत्यांना ताई महाराज प्रकरणाची आठवण करून दिली. शाळेत आम्हाला लोकमान्यांच्या चरित्रात ते होतं. पुण्याचे बाबा महाराज १८९७ साली वारले, मृत्युपत्रात त्यांनी टिळकांना आणि आणखी काहींना विश्वस्त नेमलं. वारस सज्ञान होईपर्यंत इस्टेट त्यांनी सांभाळायची होती. दत्तकावरून वाद झाला. टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला भरला गेला, १९०३ मध्ये शिक्षा झाली, १९०४ मध्ये उच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि दिवाणी दाव्याचा निकाल प्रिव्ही कौन्सिलमधून टिळकांच्या बाजूनं यायला १९१५ साल उजाडलं. तुरुंगात जाऊन आलेल्या त्या माणसालाही दुसऱ्याची इस्टेट सांभाळली म्हणून वर्षानुवर्षं उत्तरं द्यावी लागली. मग नानांना एका रविवारी वही उघडायला सांगण्यात त्यांचा अपमान कसला?

वही लाल कापडी बांधणीची होती. नानांचं अक्षर मोठं, शाईपेनाचं. 'पोरीचा चष्मा', 'बारावी क्लास', 'टायफॉइड, दवाखाना पाच दिवस', 'दिवाळी फ्रॉक'. पानं उलटताना मला भरून आलं. एवढं बारीक लिहिणारा माणूस चोर नसतो. आणि मग मधल्या एका पानावर, १९९९ सालचं: 'द्राक्षबाग, ठिबक. १८,०००. पोरीच्या पैशातून. परत करणे.' पुढे तशा नोंदी वाढत गेल्या. चुलतभावाच्या नोकरीसाठी. बोअरवेल. बँकेचा हप्ता. प्रत्येकीपुढे 'परत करणे', आणि परत केल्याची नोंद एकही नाही. प्लॉटचे पैसे बागेवरचं कर्ज फेडायला गेले होते. दोन हंगाम गारपिटीनं नेले होते, हेही त्यातच होतं.

आम्ही वहीचे दोन भाग केले. माझं शिक्षण, कपडे, औषधपाणी, सायकल हा सगळा खर्च मी एक पैशाचाही वाद न घालता मान्य केला. पालकानं पाल्याच्या पोटापाण्यासाठी त्याचाच पैसा वापरणं रीतसर आहे, आणि नानांनी माझ्या खाण्याचे पैसे तर लावलेच नव्हते. हिशेब मागणाऱ्यानं ही बाजू मोकळ्या मनानं आधी मांडावी. त्यानं समोरचा माणूस उरलेल्या पानांबद्दल बोलायला तयार होतो. नाना झाले.

शाबूत काय राहिलं होतं, तर अपघाताच्या दाव्याची रक्कम. मोटार अपघात न्यायाधिकरणानं ती माझ्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावली होती, सज्ञान होईपर्यंत मोडायची नाही अशा अटीवर. केरळच्या एसटी महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९३ साली अज्ञान मुलांच्या भरपाईबाबत तसं मार्गदर्शन दिलं होतं, त्याचा मला असा फायदा झाला. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही वारस अज्ञान असेल तर त्याचा हिस्सा सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करून बँकेत गुंतवायची सोय आहे. पैसा नातेवाइकाच्या हातात देण्याऐवजी कुलपात ठेवायचा मार्ग असेल तर तोच घ्यावा. नाना वाईट होते म्हणून ठिबकला पैसे गेले नाहीत. बाग सुकत होती आणि पैसे हाताशी होते.

नॉमिनीबद्दलही बोललं पाहिजे. "पॉलिसीवर माझं नाव आहे, म्हणजे पैसे माझे," असं म्हणणारे काका-मामा पुष्कळ. १९८३ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विम्याचा नॉमिनी रक्कम घेणारा हात आहे, मालक वारसच. शेअर्सबाबतचा तसाच वाद आपल्याकडे 'कालनिर्णय'च्या साळगावकर कुटुंबातून डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तिथेही नामनिर्देशन वारसाहक्कावर मात करत नाही, असंच ठरलं. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर मात्र रक्कम त्यांचीच होते. चुलते त्यात येत नाहीत.

शेताचं प्रकरण वेगळं आणि जास्त चिवट. सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असं लिहून नानांचं नाव होतं. अठरा झाल्यावर जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज केला की फेरफार होऊन तो शेरा जातो. तेवढं अनेक जण वर्षानुवर्षं करत नाहीत. 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा असेल तर तोही कमी करून घ्यावा. पण वडिलोपार्जित, न वाटलेल्या शेतातल्या हिश्श्याला न्यायालयाच्या परवानगीची ती अट लागत नाही, हे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे. कर्ता कुटुंबाच्या गरजेसाठी अशी जमीन विकू शकतो. म्हणून वडिलांनी स्वतः घेतलेलं काय आणि आजोबांकडून आलेलं काय, याच्या दोन याद्या आधीच वेगळ्या कराव्यात. मुलींनी आणखी एक सांभाळावं: हिशेबाच्या रविवारी कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर त्या दिवशी सही करू नये.

प्लॉटसाठी मी विसाव्या वर्षी दावा लावला. ज्यांनी तो घेतला त्यांनी त्यावर घर बांधलं होतं, लहान मुलं तिथे राहत होती, आणि त्यांना काढायची माझी इच्छा नव्हती. पण दावा नसता तर नाना तडजोडीला बसले नसते. लोकअदालतीत मिटलं. मी विक्री मान्य केली, नानांनी त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यातले दहा गुंठे विहिरीच्या पाण्यासह माझ्या नावे करून दिले. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे पुढे कुणी उकरून काढण्याची भीती उरली नाही. मला वकिलाचा आणि कोर्ट फीचा खर्चही आला नाही. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते. त्याचं कार्यालय प्रत्येक जिल्हा न्यायालयात असतं. नाना वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. लग्नात मात्र कन्यादान त्यांनी आणि काकूंनीच केलं.

गेली काही वर्षं माझ्या मामेबहिणीच्या मुलाची मी न्यायालयानं नेमलेली पालक आहे. त्याचं खातं वेगळं आहे, त्यात माझा रुपया जात नाही आणि त्यातला माझ्याकडे येत नाही. दर मार्चअखेर एका कागदावर जमा-खर्च लिहिते, पावत्या मागे टाचते, आणि तो पंधरा वर्षांचा झाल्यापासून वाचून खाली सही करतो. यंदा त्यानं विचारलं, "मावशी, एका ठेवीचं व्याज मागच्यापेक्षा कमी कसं?" मुदत संपून ती नव्या दरानं ठेवली होती. दोन्ही पावत्या त्याच्यापुढे ठेवल्या, त्यानं दर ताडून पाहिले आणि मग सही केली.